संतापी माणसाची सबुरी

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. फेब्रुवारीतला रविवार होता. बाहेर बर्फ आणि घरात टीव्हीसमोर दहा-बारा माणसे. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे ‘सुपर बोल’ चालू होता. मला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. सामना संपल्यावर चांदीचा एक करंडक मिरवत आणला गेला. हा लोम्बार्डी करंडक, भाच्याने सांगितले. हे लोम्बार्डी कोणी मोठे खेळाडू असतील असा माझा समज. पण ते निघाले प्रशिक्षक, आणि त्याआधी चक्क शाळामास्तर. मास्तर म्हटल्यावर मी कान टवकारले, कारण माझाही जन्म शाळेत गेला. वर्गात गणित आणि संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा संघ. परत आल्यावर या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता माझ्याच एका जुन्या चुकीपाशी येऊन थांबलो. ती शेवटी सांगतो.

व्हिन्स लोम्बार्डींचा जन्म न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात ११ जून १९१३ रोजी झाला. घराणे मूळचे इटलीचे, वडील खाटीक, पाच भावंडांत हे थोरले. धर्मगुरू व्हायचे म्हणून काही वर्षे त्या शाळेत काढली, मग तो विचार सोडला. फोर्डहॅम विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले. कायद्याचे शिक्षण सुरू केले आणि तेही सोडले. अखेर १९३९ साली न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावी सेंट सिसिलिया शाळेत नोकरी धरली. लॅटिन, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी मुलांचा फुटबॉल घ्यायचा. वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या मुलाला कळल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही सवय त्यांना तिथे लागली. आठ वर्षे तिथे गेली. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आणि नंतर न्यू यॉर्क जायंट्स संघात ते दुय्यम प्रशिक्षक होते. व्यावसायिक संघाची मुख्य सूत्रे हाती आली तेव्हा वयाची पंचेचाळीस वर्षे उलटली होती. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज उरली नव्हती.

सूत्रे मिळाली ती ग्रीन बे पॅकर्स या संघाची. विस्कॉन्सिन राज्यातले ग्रीन बे हे तेव्हा साठ-बासष्ट हजार वस्तीचे गाव. संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही, गावकऱ्यांनी भाग घेऊन चालवलेला. १९५८च्या हंगामात या संघाने बारापैकी एकच सामना जिंकला होता. दहा हरले, एक बरोबरीत सुटला.

या हरलेल्या संघात बार्ट स्टार नावाचा पंचवीस वर्षांचा एक क्वार्टरबॅक होता. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्वार्टरबॅक हा अकरा जणांच्या संघाचा सूत्रधार. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू त्याच्या हाती येतो. तो शेजारच्या गड्याला द्यायचा, लांब धावणाऱ्याकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने तीन-चार सेकंदांत ठरवायचे. तेवढ्यात समोरून आडदांड गडी त्याला लोळवायला धावत येत असतात. शिवाय त्या काळी पुढची चाल कोणती, हेही बहुधा क्वार्टरबॅकच मैदानावर साथीदारांना सांगे. एवढे ओझे पेलायला नुसता दणकट हात पुरत नाही. डोके थंड हवे आणि साथीदारांचा विश्वास हवा. या दोन्ही गोष्टी एका हंगामात येत नाहीत.

स्टारकडे तर दणकट हातही नव्हता. तो अलाबामाचा. वडील लष्करातले, कडक शिस्तीचे. मुलगा अबोल, आज्ञाधारक. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत पाठीच्या दुखण्यामुळे आणि बाकावर बसल्यामुळे त्याचा खेळ फारसा कोणाला दिसलाच नाही. १९५६ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव थेट सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर आले. १९५८ साली त्याच्या फेकींवर तीन टचडाऊन झाले आणि बारा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. असा मुलगा घरी परत जायचा, हाच व्यवहार.

लोम्बार्डींनी पहिल्याच दिवशी हिरा ओळखला, अशी गोष्ट रंगवायला बरी. खरे तसे नाही. त्यांनी जुन्या सामन्यांच्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. स्टारच्या हालचाली नेमक्या आहेत, डोके चालते, पण धीर कमी आहे, असे त्यांना दिसले. त्यांनी लमार मॅकहॅन हा दुसरा अनुभवी क्वार्टरबॅक आणला आणि १९५९चा हंगाम त्याच्या हाती दिला. मात्र स्टारला काढून टाकले नाही. त्याला मागे ठेवले आणि शिकवत राहिले.

शिकवण्याची रीत मास्तरचीच होती. शंभर चाली पाठ करायच्या नाहीत. मोजक्या घ्यायच्या, पण प्रतिस्पर्धी असा उभा राहिला तर असे, तसा उभा राहिला तर तसे, हे हाडात मुरेपर्यंत घोटायचे. एकाच चालीवर फळ्यासमोर तासन्‌तास बोलायचे, मग मैदानावर तीच पुन्हा आणि पुन्हा. स्टारला हे मानवले. पहिल्या बैठकीतून बाहेर पडताच त्याने बायकोला फोन करून आता आपण जिंकायला लागणार, असे सांगितले म्हणतात. हंगामाच्या उत्तरार्धात मॅकहॅन जखमी झाला, स्टार मैदानात आला, आणि संघाने शेवटचे चारही सामने जिंकले.

लोम्बार्डींचा संताप प्रसिद्ध होता. त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. एकदा सरावात स्टारची एक फेक दुसऱ्याने झेलली आणि ते सर्वांदेखत त्याच्यावर कडाडले. सराव संपल्यावर हा अबोल मुलगा त्यांच्या खोलीत गेला. चूक झाली तर इथे, दार लावून हवे तेवढे बोला. पण ज्यांचे मी नेतृत्व करायचे त्यांच्यासमोर माझी अब्रू घालवलीत, तर ते माझे ऐकतील कसे, एवढेच त्याने विचारले. लोम्बार्डींनी ते मानले, आणि पुन्हा कधी त्याला चारचौघांत बोलले नाहीत. मला वाटते, स्टार घडला तो त्या दिवशी. आणि थोडे लोम्बार्डीही घडले.

तरीही १९६०च्या हंगामात कधी स्टार, कधी मॅकहॅन असे चालले होते. पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात अर्ध्यावर मॅकहॅनला बाहेर घेऊन स्टारला उतरवले, सामना जिंकला, आणि त्यानंतर ही अदलाबदल संपली. एकदा ठरवल्यावर मागे पाहिले नाही. त्या वर्षी अंतिम सामना फिलाडेल्फियाकडून १७-१३ असा हरले, तरी नाही. १९६१ साली स्टारच्या सोळा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या, तरी नाही. त्याच वर्षी ग्रीन बे विजेता ठरले. पुढे १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७. सात वर्षांत पाच विजेतेपदे. पहिले दोन्ही सुपर बोल त्यांचे, आणि दोन्हींत सर्वोत्तम खेळाडू बार्ट स्टार.

३१ डिसेंबर १९६७चा सामना तर दंतकथा होऊन बसला आहे. ग्रीन बेमध्ये डॅलसविरुद्ध अंतिम लढत, तापमान शून्याखाली पंचवीस अंश सेल्सियस. सोळा सेकंद उरले होते आणि तीन गुण कमी. टचडाऊनची रेषा हातभर अंतरावर. लाथेने चेंडू मारून बरोबरी साधणे सुरक्षित होते. स्टार कडेला आला आणि चेंडू मी स्वतःच घेऊन घुसतो म्हणाला. लोम्बार्डींनी मान डोलावली. आठ वर्षांपूर्वी ज्याच्या धीराविषयी शंका होती, त्याच्या एका वाक्यावर त्यांनी वर्षाची कमाई लावली. स्टार घुसला. ग्रीन बे २१, डॅलस १७.

या माणसाचे देव्हारे करू नयेत. मैदानावर इतका वेळ देणाऱ्या लोम्बार्डींकडून स्वतःच्या मुलाला आणि मुलीला फार थोडा वेळ मिळाला. शिष्यासाठी शिकलेली सबुरी त्यांना घरी आणता आली नाही. १९६९ साली ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले, आणि ३ सप्टेंबर १९७० रोजी आतड्याच्या कर्करोगाने वारले. वय अवघे सत्तावन्न. मग सुपर बोलच्या करंडकाला त्यांचे नाव मिळाले. स्टार २०१९ पर्यंत जगला.

आता माझी गोष्ट. माझ्या कबड्डीच्या संघात एक लाजरा मुलगा होता. पायांत चपळ, पण चढाईला गेला की बावरायचा. आंतरशालेय स्पर्धेत लागोपाठ दोन चढायांत पकडला गेला. मी त्याला बाहेर बोलावले आणि सगळ्या मुलांसमोर नको ते बोललो. पुढच्या सामन्यात त्याला घेतले नाही. तो महिनाभर सरावाला येत राहिला, कडेला उभा राहून पाहत राहिला, मग यायचा थांबला. मी चौकशीही केली नाही. मला करंडक हवा होता. तो मिळाला नाहीच.

तो मुलगा पुढे मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. बहुतेक मुले होत नाहीत. पण त्याला आणखी एक चढाई मिळायला हवी होती, आणि बोलायचेच होते तर ते दार लावून. माझ्या खोलीचे दार उघडे असते, तर कदाचित तोही स्टारसारखा आत आला असता. आता नातू गणिताची वही घेऊन माझ्यापुढे बसतो. तेच उदाहरण तिसऱ्यांदा चुकतो. आवाज चढू लागला की मला तो चांदीचा करंडक आठवतो. मग मी चष्मा पुसतो आणि चौथ्यांदा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.