गणितविदुषी सोफिया कोव्हालेव्स्काया

आपल्याकडे संत स्त्रियांची व वीरांगनांची चरित्रे पुष्कळ वाचली जातात. मी यंदा एका गणिती स्त्रीविषयी लिहिते. गणित म्हटले की काही भगिनी पान उलटतील, हे मी जाणून आहे. तरी थोडे वाचावे, ही विनंती.

सोफियाचा जन्म १५ जानेवारी १८५० रोजी मॉस्को येथे झाला. वडील तोफखान्यातील सेनाधिकारी. त्यांच्या खेड्यातील वाड्यात भिंतींना लावायचा कागद मुलांच्या खोलीपुरता कमी पडला, तेव्हा कलनशास्त्रावरील व्याख्यानांची पाने तेथे चिकटविण्यात आली. ही चिमुरडी त्या भिंतीपुढे तासन्‌तास उभी राही.

रशियात विद्यापीठे स्त्रियांना बंद, आणि वडिलांच्या किंवा पतीच्या संमतीवाचून परदेशी जाता येत नसे. म्हणून १८६८ मध्ये तिने व्लादिमीर कोव्हालेव्स्की या तरुणाशी नावापुरते लग्न केले. शिक्षणासाठी लग्न लांबविणाऱ्या मुली आपण पाहतो. हिने शिक्षणासाठीच लग्न केले! बर्लिनमध्येही वर्गाचे दार बंदच होते. तेव्हा वायरश्ट्रास या थोर गणितज्ञांनी तिला चार वर्षे खाजगी शिकविले. १८७४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, पण मायदेशी योग्य नोकरी मिळेना. नावापुरते लग्न पुढे खरे झाले, १८७८ मध्ये मुलगी झाली आणि गणित कित्येक वर्षे मागे पडले. पतीचे व्यवहार बुडाले. १८८३ मध्ये त्याने आत्महत्या केली.

मुलीला रशियात मैत्रिणीपाशी ठेवून ती स्टॉकहोमला गेली आणि १८८४ पासून तेथे शिकवू लागली. पोटासाठी मूल दूर ठेवणाऱ्या पुरुषाला कोणी नावे ठेवीत नाही, तेव्हा तिलाही ठेवू नयेत, असे मला वाटते.

तिचे नाव राहिले ते भोवऱ्यामुळे. डुलत फिरणाऱ्या भोवऱ्याची समीकरणे अरेषीय असतात; म्हणजे कारण दुप्पट केले म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. ऑयलर व लाग्रांज यांना एकेका विशेष प्रकाराची उकल सापडली होती. तिसरा प्रकार मिळेना. सोफियाने प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. काळाच्या जागी काल्पनिक संख्याही घालून, उकल जेथे अनंताला जाते तेथेही ती नीट वागावी यासाठी कोणत्या अटी लागतात, हे तिने आधी शोधले. तिसरा प्रकार त्यातूनच हाती आला. १८८८ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला बोर्दँ पारितोषिक दिले आणि त्याची रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० केली. १८८९ मध्ये ती स्टॉकहोमला कायम प्राध्यापिका झाली. १० फेब्रुवारी १८९१ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, ती न्यूमोनियाने वारली.

पुढे फ्रान्समध्ये पॅनलव्हे यांनी तिचीच कसोटी लावून काही नवी अरेषीय समीकरणे निवडली. इकडे पुंजयामिकीत कळले होते की अणूतील इलेक्ट्रॉनची ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. दोन पायऱ्यांच्या मध्ये त्याला उभे राहता येत नाही. या दोन गोष्टींची गाठ २०१५ मध्ये कार्ल बेंडर व जवाद कोमिजानी यांनी दाखविली. पहिल्या पॅनलव्हे समीकरणात आरंभीची काही निवडक मूल्येच अशी असतात, की उकल आरेवर तोलल्यासारखी एका अस्थिर वाटेने जाते. ही मूल्येही पायऱ्यापायऱ्यांनी येतात, आणि फार वरच्या पायऱ्या कोठे असतील हे एका पुंज प्रश्नातील ऊर्जांवरून काढता येते. मधल्या मूल्यांनी सुरुवात केली, तर उकल एक तर दुसऱ्या वाटेभोवती डुलत राहते, नाही तर पुनःपुन्हा अनंताला जाऊन परतते.