पाच मुलींची शाळा : बेगम रुकैया सखावत हुसेन



नवे काम हाती घ्यायचे म्हटले की भल्याभल्यांची छाती धडधडते. वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचे असो, पहिली कविता भित्तिपत्रकासाठी द्यायची असो, की मोहल्ल्यात छोटेसे वाचनालय काढायचे असो, मनात पहिला प्रश्न उठतो तो हा की, हे आपल्याला जमेल का? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, लोक काय म्हणतील? या दोन प्रश्नांपायी कितीतरी चांगली कामे सुरू होण्याआधीच संपतात. हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या वाट्याला तुमच्याआमच्यापेक्षा शतपटीने आले, त्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

रुकैयांचा जन्म १८८० साली आजच्या बांगलादेशातील रंगपूर जिल्ह्यात, पैराबंद या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. घरात अरबी, फारसी, उर्दूचे वातावरण होते. मुलांना बाहेर शिकायला पाठवीत, पण मुलींनी धार्मिक पठणापुरते शिकावे, बंगाली किंवा इंग्रजीच्या वाटेला जाऊ नये, असा त्या घराचा रिवाज. पडदा तर इतका कडक की परक्या बायकांसमोरही मुलींनी यायचे नाही. एकदा नातेवाइकांकडच्या दोन मोलकरणी काही दिवस मुक्कामाला आल्या, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची ही मुलगी त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून माळ्यावर लपून बसली होती. त्या दिवसांत तिला धड खायलाही मिळाले नाही. ज्या वयात तुमची मुले अंगणात हुंदडतात, त्या वयात तिला पावलांचा आवाज आला की लपायचे, एवढेच शिकवले गेले होते. भीती ही तिला अशी बाळकडूतूनच मिळालेली होती.

पण त्याच घरात तिला दोन माणसे भेटली. थोरले भाऊ इब्राहिम साबेर आणि थोरली बहीण करीमुन्निसा. रात्री घर झोपले की मेणबत्तीच्या उजेडात भाऊ तिला इंग्रजी शिकवीत. बंगालीची गोडी बहिणीने लावली. पालकहो, इथे थोडे थांबून विचार करा. त्या मुलीपाशी ना वर्ग होता, ना फळा. घरातल्या दोन माणसांचा विश्वास तेवढा होता, आणि त्याच भांडवलावर तिचे पुढचे आयुष्य उभे राहिले.

पुढे त्यांचे लग्न भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाले. पती वयाने बरेच मोठे, बिजवर, पण विलायतेत शिकलेले आणि उदार मनाचे. त्यांनी पत्नीला लिहिण्यास उत्तेजन दिले. १९०२ पासून रुकैयाबेगमचे बंगाली लेख मासिकांतून येऊ लागले. भागलपुरात बंगाली बोलायलाही कोणी नव्हते. वर्षानुवर्षे भाषा कानावर पडत नसताना त्या लिहीत राहिल्या, आणि ही भाषा आपण विसरलो नाही याचे श्रेय त्यांनी पुढे आपल्या बहिणीला दिले.

इंग्रजीत लिहिण्याचा प्रसंग तर फारच बोलका आहे. पती दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असताना वेळ घालवण्यासाठी त्यांनी एक गोष्ट लिहून काढली. त्या गोष्टीतल्या देशात पुरुष मर्दान्यात बसतात आणि स्त्रिया राज्य चालवतात. तिथे स्त्रियांची विद्यापीठे आहेत. सूर्याची उष्णता साठवून तीवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी खेचून घेतले जाते आणि माणसे हवेतून प्रवास करतात. दौऱ्यावरून परतल्यावर पतींनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली. मग इंग्रजी तपासून घ्यावे म्हणून ती एका इंग्रज अधिकाऱ्याकडे पाठवली. त्याने एकही दुरुस्ती न करता ती परत केली. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' या नावाने ती छापून आली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईची ही गोष्ट आज शंभरावर वर्षे लोटली तरी देशोदेशी वाचली जाते.

या सुखाच्या दिवसांना दृष्ट लागली. दोन मुली तान्ह्या वयातच गेल्या. मे १९०९ मध्ये पतीचे निधन झाले. मुलींची शाळा काढण्यासाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. विधवेने दुःख करीत घरात बसावे, असे सांगणारा समाज भोवती होता. रुकैयाबेगमनी पाच महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर १९०९ रोजी भागलपुरात शाळा उघडली. विद्यार्थिनी होत्या पाच.

आता खरी अडचण पाहा. या मुख्याध्यापिकेने स्वतः कधी वर्गात पाऊल टाकले नव्हते. एकच शिक्षिका पाच मुलींना एकाच वेळी कशी शिकवते, हेच त्यांना सुरुवातीला उमगत नव्हते. आपल्याला जमेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे असा उघडावाघडा उभा होता. त्यांनी त्याचे उत्तर काळजी करून शोधले नाही. कलकत्त्याला आल्यावर त्या दुसऱ्या कन्याशाळांत गेल्या, तिथल्या शिक्षणाची तऱ्हा पाहिली, हिंदू, ब्राह्मो, ख्रिस्ती अशा सर्व समाजांतल्या शिकलेल्या स्त्रियांशी ओळखी केल्या. जे येत नव्हते ते विचारले, पाहिले आणि शिकून घेतले.

कलकत्त्याला यावे लागले तेही आनंदाने नव्हे. मालमत्तेवरून सासरच्या नातेवाइकांशी वाद झाला आणि भागलपूर सोडावे लागले. पहिली शाळा अशी मोडली. पण १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वलीउल्ला लेनमधल्या भाड्याच्या घरात 'सखावत मेमोरियल' शाळा पुन्हा सुरू झाली, आठ मुली घेऊन. रुकैयाबेगम घरोघर जाऊन पालकांना विनवीत. मुलींचा पडदा सांभाळला जाईल, ही हमी देत.

त्या पडद्यापायी एकदा मोठाच पेच आला. मुलींना आणण्यासाठी चहूबाजूंनी बंद अशी मोटार तयार केली, तर आत काळोख आणि उकाडा. पहिल्याच दिवशी मुलींना ओकाऱ्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. आयांच्या तक्रारी आल्या. म्हणून दोन्ही बाजूंच्या झडपा काढून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदा उडतो, शाळेची बदनामी करू, अशी धमकीची पत्रे आली. बंद ठेवले तर मुली गुदमरणार, उघडले तर शाळा बुडणार! दुसरे कोणी असते तर दाराला कुलूप लावून मोकळे झाले असते. रुकैयाबेगमनी तसे केले नाही. पडद्याच्या जाचाविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या या बाई शाळेसाठी स्वतः बुरखा वापरीत राहिल्या. लेखणी त्यांनी म्यान केली नाही, आणि शाळाही सोडली नाही. मोटारीची ही हकीकत त्यांनी पुढे १९३१ च्या 'अवरोधवासिनी' या पुस्तकात लिहून ठेवली.

१९१५ पर्यंत मुलींची संख्या ऐंशीच्या वर गेली. १९१६ मध्ये त्यांनी 'अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम' ही स्त्रियांची संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये 'पद्मराग' ही कादंबरी आली. १९३०-३१ च्या सुमारास शाळा हायस्कूल झाली. ९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले, तेव्हा स्त्रियांच्या हक्कांवरचा एक लेख अर्धवट राहिला होता. त्यांची शाळा आजही कोलकात्यात सरकारी कन्याशाळा म्हणून चालू आहे आणि बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो.

मित्रमैत्रिणींनो, या चरित्रातून काय घ्याल? रुकैयाबेगमना भीती वाटत नव्हती, असे मुळीच समजू नका. माळ्यावर लपणारी मुलगी एका रात्रीत धीट होत नसते. त्यांनी भीती जाण्याची वाट पाहिली नाही, एवढेच. पाच मुली मिळाल्या, पाचांवर सुरुवात केली. मोडले, तेव्हा आठांवर पुन्हा सुरू केले. तुम्हाला लिहायचे असेल तर आज एक पान लिहा. ते कच्चे असेल, असू द्या. जाणत्याला दाखवा आणि दुसरे लिहायला घ्या.

आणि पालकहो, तुमच्या घरातही एखादी रुकैया वही लपवून काही लिहीत असेल. तिला लाख रुपयांची मदत नको आहे. इब्राहिमभाईंची ती मेणबत्ती तेवढी तिच्यासाठी तेवत ठेवा.