नस बधिर करायला शिकवणारा सर्जन

वरंध घाटाखालच्या गावांत ओझी उचलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हर्निया, म्हणजे जुन्या भाषेत अंतर्गळ, होणे नवीन नाही. महाडला किंवा घाट चढून पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया होते. खरी भीती असते ती नंतरच्या रात्रीची. खोकला आला, कूस बदलली की टाके ओढतात. आता अशा वेळी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटाच्या भिंतीतले स्नायूंचे थर पाहतात आणि आतल्या दोन थरांच्या फटीत बधिर करणारे औषध सोडतात. त्या फटीतूनच पोटाच्या पुढच्या भागाच्या नसा जातात. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. पोटाच्या भिंतीचा हा विशिष्ट ब्लॉक 2001 मध्ये प्रथम वैद्यकीय नियतकालिकात आला. पण इंजेक्शन जखमेत न देता तिथे जाणाऱ्या नसेभोवती द्यायचे, ही कल्पना त्याहून शंभरेक वर्षे जुनी. ती शस्त्रक्रियेत रुजवणाऱ्या विल्यम हॅल्स्टेड यांना तिची जबर किंमत द्यावी लागली.

हॅल्स्टेड यांचा जन्म 1852 मध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरात झाला. येल विद्यापीठात ते अभ्यासापेक्षा खेळात रमले. वैद्यकीची पदवी मात्र त्यांनी चांगली मिळवली, मग दोन वर्षे युरोपात शिकून ते परतले. हात वेगवान आणि धाडस भरपूर. 1882 मध्ये आई पित्ताशयाच्या खड्यांनी गंभीर आजारी पडली, तेव्हा पहाटे दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी स्वतः तिचे पोट उघडून सात खडे काढले. आई बरी झाली.

1884 मध्ये युरोपातून बातमी आली. व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले होते. हॅल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी एक पाऊल पुढे टाकले. थेंबांऐवजी सुई घेतली आणि थेट नसेजवळ औषध सोडले. जबड्याच्या नसेला सुई दिली की त्या बाजूचे दात बधिर होत. दाताच्या डॉक्टरकडे आजही आपण घेतो ते इंजेक्शन याच वंशातले. मानेजवळ नसांचा जुडगा उघडा करून त्यात औषध दिले तर संपूर्ण हात बधिर होतो, हेही त्यांनी पाहिले. रुग्ण जागा, पण त्या भागात वेदना नाही. क्लोरोफॉर्म आणि इथरच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

प्रयोग ते स्वतःवर, एकमेकांवर आणि विद्यार्थ्यांवर करत. कोकेनची सवय लागते हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हते. काही महिन्यांत त्या गटातले कित्येक जण व्यसनात अडकले. हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले आणि 1897 मध्ये वारले. हॅल्स्टेड यांनी सप्टेंबर 1885 मध्ये कोकेनवर लिहिलेला लेख छापून आला, त्याचे पहिलेच वाक्य इतके भरकटलेले की अर्थ लागू नये. 1886 मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात ठेवले गेले. कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देण्याची तेव्हा पद्धत होती. एक व्यसन आटोक्यात आले आणि दुसरे कायमचे चिकटले.

मित्र विल्यम वेल्श यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून घेतले. 1889 मध्ये तिथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि पुढे तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे ते प्रमुख झाले. इथे दिसला तो निराळाच माणूस. हात सावकाश चाले, रक्तवाहिनी अन् वाहिनी बांधली जाई. हर्निया दुरुस्तीची त्यांची पद्धत याच काळातली. रुग्णालयातल्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशकाने सोलवटू लागले, तेव्हा हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. 1890 मध्ये दोघांचे लग्न झाले. मोजे मात्र आधी त्वचेसाठी होते, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांचा वापर नंतर रूढ झाला.

त्यांच्याच विभागातले हार्वे कुशिंग यांनी 1900 च्या सुमारास जांघेतल्या नसा बधिर करून हर्नियाच्या शस्त्रक्रिया केल्या. ज्या शिक्षकांनी हे काम सुरू केले होते, त्यांना त्या जुन्या दिवसांची आठवण नकोशी असावी. कोकेनची जागा लवकरच प्रोकेनने घेतली, मग लिग्नोकेन आले, पुढे बुपिव्हाकेन. ही औषधे व्यसन लावत नाहीत. पोटाच्या भिंतीच्या ब्लॉकने आतल्या अवयवांची कळ जात नाही, कापलेल्या भागाची जाते. त्यामुळे मॉर्फिनसारख्या औषधांची गरज कमी होते. मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठही कमी. हॅल्स्टेड ज्यातून सुटू शकले नाहीत, त्या औषधाची मात्रा त्यांच्याच कल्पनेने कमी केली.

नसा बधिर करण्याच्या कामाबद्दल अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना 1922 मध्ये सुवर्णपदक दिले. त्याच वर्षी पित्तनलिकेतल्या खड्यासाठी शिष्यांनी त्यांच्या पोटावर पुन्हा शस्त्रक्रिया केली, पण गुंतागुंत वाढून 7 सप्टेंबरला ते वारले. सहकारी विल्यम ऑस्लर यांनी मागे एक बंद टिपण ठेवले होते. ते 1969 मध्ये जगापुढे आले, तेव्हा कळले की 1898 मध्ये विभाग सांभाळताना हॅल्स्टेड रोज सुमारे 100 मिलिग्राम मॉर्फिन घेत होते.