चेपलेल्या नळीतून प्रेशर गेज शोधणारा माणूस : युजीन बोर्डनची गोष्ट

मुंबई-अहमदाबाद हायवेवर वर्सोवा पूल ते वसई फाटा हा पट्टा ट्रॅफिक जामसाठीच ओळखला जातो. मे महिन्याचं ऊन, एसी सुरू, गाडी जागेवर उभी आणि इंजिन आयडलिंगवर. अशा वेळी इंजिनमधलं ऑइल तापून पातळ झालेलं असतं, ऑइल पंप हळू फिरत असतो आणि त्यामुळे ऑइलचं प्रेशर अगदी खाली आलेलं असतं.

ड्रायव्हरला मात्र यातलं काहीच दिसत नाही. बहुतेक गाड्यांमध्ये ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा तेवढा असतो आणि तो साधारणपणे प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो. म्हणून जुन्या गाड्या सांभाळणारे बरेच जण गॅरेजमध्ये वेगळं ऑइल प्रेशर गेज बसवून घेतात.

मेकॅनिकल गेज असेल तर त्या गोल डायलच्या मागे एक वाकवलेली नळी असते. मेकॅनिक लोक तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो माणूस मोटारगाडीचा जमाना येण्याआधीच वारला होता. त्याचीच ही गोष्ट.

रेशीम व्यापाऱ्याचा मुलगा

युजीन बोर्डनचा जन्म 8 एप्रिल 1808 चा, पॅरिसमधला. वडील रेशमाचे व्यापारी. पोरानं धंदा पुढे न्यावा म्हणून त्यांनी त्याला जर्मन शिकायला दोन वर्षं न्यूरेंबर्गला पाठवलं. पण पोराचं मन कापडात कमी आणि यंत्रात जास्त. वडील गेल्यावर त्यानं चष्मे-दुर्बिणींचं काम करणाऱ्याकडे नोकरी धरली आणि 1832 मध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

तो काळ वाफेच्या इंजिनांचा होता. बोर्डननं काचेचे सिलिंडर लावून इंजिनाचं मॉडेल बनवलं, म्हणजे आत काय चाललंय ते बघणाऱ्याला दिसावं. अशी शिकवण्यासाठीची छोटी इंजिनं त्यानं पुढे 200 च्या वर बनवली. बंद धातूच्या आत काय घडतंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, हाच त्याच्या पुढच्या कामाचाही विषय ठरला.

बॉयलर म्हणजे बॉम्ब

कारखाना असो, आगबोट असो की रेल्वे, बॉयलरमध्ये वाफ किती दाबानं कोंडली आहे हे कळणं जिवाशी निगडित होतं. दाब वाढला की बॉयलर फुटायचा आणि आजूबाजूची माणसं मरायची. सेफ्टी व्हॉल्व्ह होते, पण जास्त ताकद मिळावी म्हणून काही जण त्यांच्यावर वजन ठेवून ते दाबून टाकायचे.

दाब मोजायला पाऱ्याची काचेची नळी वापरत. हवेच्या एका पट दाबासाठी 760 मिलिमीटर पारा लागतो. सहा पट दाब मोजायचा तर नळी साडेचार मीटरची, म्हणजे जवळपास 15 फुटांची हवी. एवढी काच हादरणाऱ्या रेल्वे इंजिनावर लावणार कुठे?

आणि मग एक नळी चेपली

झालं असं की बोर्डनच्या वर्कशॉपमध्ये एका इंजिनासाठी धातूची नळी गुंडाळून स्प्रिंगसारखी करत होते. गुंडाळताना ती चेपली. पुन्हा गोल करायला तिचं एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्या बाजूनं पंपानं पाणी भरलं. दाब वाढला तशी चेपलेली नळी फुगली, पण सोबत तिचे वेढेही उलगडायला लागले.

दुसऱ्या कुणी नळी फेकून दिली असती. बोर्डननं हिशेब मांडला : दाब जितका जास्त, तितकी नळी जास्त उलगडते. मग उलट बाजूनं, नळी किती उलगडली यावरून दाब सांगता येईल.

त्यानं चपटी नळी इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवली. एक टोक बंद, दुसऱ्यातून वाफ किंवा पाणी आत. दाबानं नळी सरळ व्हायला बघते आणि बंद टोक काही मिलिमीटर सरकतं. त्या टोकाला छोटी दांडी आणि दातेरी चाकं जोडली की काटा डायलवर लांबवर फिरतो. काच नाही, पारा नाही. 1849 मध्ये त्यानं याचं पेटंट घेतलं.

1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याला मोठं पदक मिळालं आणि फ्रान्सनं लीजन ऑफ ऑनर दिला. 1852 मध्ये एडवर्ड अ‍ॅशक्रॉफ्टनं अमेरिकेतले हक्क विकत घेतले आणि तिथल्या बॉयलरवर ही गेज पोचली.

श्रेयाचं भांडण

सगळं गोड नव्हतं. जर्मनीत शिंझ नावाच्या रेल्वे इंजिनिअरच्या हाती बोर्डनच्या आधीच वाकड्या नळीची हीच करामत लागली होती. फ्रान्समध्ये ल्युसियाँ विदी यानं बिनपाऱ्याचा बॅरोमीटर आधीच बनवला होता. बोर्डनही आपल्या नळीचा बॅरोमीटर विकायला लागला, तेव्हा विदीनं त्याला कोर्टात खेचलं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी निकाल विदीच्या बाजूनं लागला. प्रेशर गेजवरचं बोर्डनचं नाव मात्र टिकलं.

तोवर भारतातही रेल्वे आली होती. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल निघाली, अर्थात वाफेवर.

1872 मध्ये बोर्डननं कारखाना मुलाकडे सोपवला, पण प्रयोग थांबवले नाहीत. 1884 मध्ये वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राची चाचणी घेताना तो पडला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. वय होतं 76.

आज तुमच्या गाडीत

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांमध्ये एक चक्कर मारा. कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक प्रेस, गॅस सिलिंडरचे रेग्युलेटर, सगळीकडे काट्याचं गोल गेज दिसेल. आत बहुतेक वेळा बोर्डनचीच नळी.

गाडीत गेज बसवायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा :

- लाल दिव्याचा स्विच काढून टाकू नका. टी-जॉइंट लावून स्विच आणि गेज दोन्ही ठेवा.
- मेकॅनिकल गेजमध्ये गरम ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी घासली किंवा सायलेन्सरला टेकली तर गळती आणि आगीची भीती. ती नको असेल तर इलेक्ट्रिक गेज घ्या. त्यात ऑइल इंजिनपाशीच राहतं आणि आत येते फक्त वायर.
- एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. तिथे टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली तर काटा चुकीचं दाखवेल.
- आटे मोजूनच जॉइंट घ्या. चुकीचा जॉइंट जोर लावून बसवला तर इंजिन ब्लॉकचे आटे जातात.
- गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

जुना अंदाज असा की इंजिन गरम असताना दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हवेत. पण प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा, त्यामुळे मॅन्युअल बघा. शिवाय आपल्या गाडीचा काटा रोज कुठे असतो ते ओळखून ठेवा. चालत्या गाडीत तो अचानक खाली आला तर गॅरेजपर्यंत जाऊ असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टोइंग बोलवा. टोइंगचा खर्च इंजिनच्या खर्चापुढे काहीच नाही.