हिराबाई बडोदेकर : एका आडनावाचा प्रवास

आपल्या महाजन कुटुंबांत गावावरून आडनाव पडणे ही नित्याची गोष्ट होय. कुळावी परमुलखी स्थायिक झाला, तरी नावातून मूळ गाव सुटत नाही आणि त्या गावचा देवही सुटत नाही. मंगेशीच्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव धारण केले व त्यांच्या अपत्यांनी ते देशोदेशी नेले, हे सर्वश्रुत आहे. गानतपस्विनी हिराबाई बडोदेकर यांच्या आडनावाची हकीकत मात्र निराळी व काहीशी कष्टाची आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई ही बडोद्याचे सरदार मारुतीराव माने यांची कन्या. खाँसाहेब श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या दरबारी गायक असता उभयतांचा स्नेह जुळला. सरदारघराण्यातील मुलगी आणि चाकरीतला गवई, त्यातून धर्म भिन्न. तेथे हा संबंध मान्य होणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. पुढे १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन पतीपासून विभक्त झाल्या व त्यांनी मुलांची नावेच पालटली. अब्दुल रेहमान सुरेशबाबू झाले, चंपाकली हिराबाई झाल्या, सकीना सरस्वती झाली. मुलगे आजोळचे माने हे आडनाव लावू लागले. हिराबाई व कमलाबाई बडोदेकर म्हणवू लागल्या. सरस्वतीबाई विवाहानंतर राणे झाल्या. एका घरची भावंडे, आडनावे तीन, आणि पित्याची खूण एकातही नाही. ज्या नगरीत आईला परतीची वाट उरली नव्हती, तिचेच नाव लेकींनी मिरवावे, यात ताराबाईंचा स्वाभिमान दिसतो, असे आम्हांस वाटते.

पित्याची खूण नावात नसली तरी गळ्यात होती. सुरेशबाबूंचे मार्गदर्शन व उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम हिराबाईंस लाभली. संथ आलापी, स्वच्छ सूर आणि कोठेही आक्रस्ताळेपणा नसलेले गाणे ही त्यांची ओळख. पण त्यांचे खरे ऋण निराळेच आहे. कुलीन घरातील स्त्रीने चारचौघांत गाणे हे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. हिराबाईंनी सभागृहात तिकीट लावून मैफली केल्या. त्यांचा साधा वेष व शालीन वागणे पाहून मध्यमवर्गीय घरांतील आयाही मुलींना गाणे शिकवण्यास धजू लागल्या.

बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका गाजवत असता, ताराबाईंच्या कुटुंबाने नूतन संगीत नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांकडे दिल्या. धाडस मोठे होते, परंतु बोलपटांचे दिवस आले आणि मंडळी कर्जात बुडाली. हिराबाईंनी स्वतः चित्रपटांतही काम केले. तथापि त्यांचा जीव मैफलीतच रमे.

१९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण हे सन्मान त्यांस लाभले. डॉ. प्रभा अत्रे यांनी सुरेशबाबू व हिराबाई या दोघांकडे शिक्षण घेतले. हिराबाई व सरस्वतीबाई या भगिनी जुगलबंदीही गात. दोन स्त्रियांनी एका बैठकीत असे ख्यालगायन करणे त्यावेळी नवलाचे होते. सुरेशबाबू १९५३ मध्ये निवर्तले होते. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई गेल्या, आणि सरस्वतीबाई २००६ साली.