थंडगार हवेतून घर गरम करण्याचा हिशोब मांडणारे लॉर्ड केल्विन

घर गरम करायचं तर काहीतरी जाळावंच लागतं, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. १८५२ मध्ये ग्लासगोमधल्या एका २८ वर्षांच्या प्राध्यापकांनी वेगळाच मार्ग सुचवला. ते होते विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन.

दहाव्या वर्षी विद्यापीठात

त्यांचा जन्म १८२४ चा, बेलफास्टचा. आई लवकर गेली. वडील गणिताचे प्राध्यापक. थॉमसन दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात शिकू लागले आणि २२ व्या वर्षी तिथेच प्राध्यापक झाले.

१८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. या मोजपट्टीचं शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. म्हणजे बर्फ पडत असतानाही बाहेरच्या हवेत भरपूर उष्णता शिल्लक असते. प्रश्न फक्त ती घरात आणायची कशी, एवढाच.

यंत्र कसं चालणार होतं?

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, कारण दाबलेली हवा गरम होते. पसरू दिली की ती थंड होते. थॉमसन यांच्या यंत्रात हवा आधी पसरून बाहेरच्यापेक्षा थंड होणार, त्यामुळे बाहेरची उष्णता शोषणार. मग तीच हवा दाबून, गरम करून इमारतीत सोडायची. हेच उलट केलं की इमारत थंड! उष्णता तयार न करता फक्त वाहून आणायची असल्याने इंधन खूपच कमी लागणार होतं.

पण तेव्हा कोळसा मुबलक होता. इमारती तापवण्यासाठी ही कल्पना त्यांच्या हयातीत रुजलीच नाही. त्यांचं नाव गाजलं ते अटलांटिकखालच्या तारेमुळे. १८५८ ची तार काही आठवड्यांत बंद पडली, १८६६ ची यशस्वी झाली आणि ते 'सर' झाले. १८९२ मध्ये लॉर्ड होताना त्यांनी विद्यापीठाजवळच्या केल्विन नदीचं नाव घेतलं.

कोळसा संपणार, ही जाणीव मात्र त्यांना होती. १८८१ मध्ये यॉर्कच्या विज्ञान परिषदेत त्यांनी वारा, सूर्य आणि भरती-ओहोटीपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा आढावा घेतला.

१९०७ मध्ये ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या शेजारी त्यांचं दफन झालं.

पुढे काय झालं?

१९३८ मध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला. आजचे हीट पंप हवा, जमीन किंवा पाण्यातून उष्णता घेतात आणि त्यांना लागणारी वीज सौर पॅनेल किंवा पवनचक्कीतून मिळू शकते. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

तुमच्या घरातला एसीही उष्णता अशीच उचलून बाहेर टाकतो.