हुतात्मा गणेश शंकर विद्यार्थी

शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांतून सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद, डॉ. झाकिर हुसेन यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. ते योग्यच आहे. ज्यांनी आपल्या समाजाला तालीमची वाट दाखविली त्यांचे ऋण विसरून चालणार नाही. परंतु समाजावर ऋण केवळ आपल्याच माणसांचे असते असे नाही. ज्या पुरुषाचे स्मरण येथे करावयाचे आहे तो धर्माने हिंदू, व्यवसायाने पत्रकार व काही काळ शिक्षक होता. १९३१ साली कानपूरच्या भीषण दंगलीत त्याने अनेक मुसलमान स्त्री-पुरुषांचे व मुलांचे प्राण वाचविले, आणि त्याच दंगलीत मुसलमान जमावाच्या हातून त्याचा अंत झाला. त्याचे नाव गणेश शंकर विद्यार्थी.

बालपण व शिक्षण

गणेश शंकर यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८९० रोजी अलाहाबाद येथे आजोळी झाला. वडील जयनारायण हे ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली या गावी शाळेत शिक्षक होते. शिक्षकाच्या घरची परिस्थिती ती काय असणार! परंतु घरात पुस्तके होती आणि वडिलांना उर्दू-फारसीचे उत्तम ज्ञान होते. त्या काळच्या उत्तरेकडील कायस्थ घराण्यांच्या रिवाजाप्रमाणे मुलाच्या शिक्षणाचा आरंभ उर्दूनेच झाला. पुढे ज्याने हिंदी पत्रकारितेला नवे वळण दिले, त्याने अक्षरे गिरविली ती अलिफ-बेची, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भाषा कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नसते.

१९०७ साली एन्ट्रन्स परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी अलाहाबादच्या कायस्थ पाठशाळेत नाव घातले. पण पैशाअभावी शिक्षण लवकरच सोडावे लागले. पदवी मिळाली नाही, तरी वाचन सुटले नाही. अलाहाबादेतच पंडित सुंदरलाल यांच्या सहवासात त्यांना देशसेवेची व लेखनाची गोडी लागली. लिहू लागल्यावर त्यांनी 'विद्यार्थी' हे उपनाव घेतले. माणूस जन्मभर शिकतच असतो अशी त्यांची धारणा होती. पुढे हे उपनावच त्यांचे आडनाव झाले.

पोटासाठी त्यांनी कानपूरच्या करन्सी ऑफिसात नोकरी धरली. तेथे गोऱ्या अधिकाऱ्याशी पटले नाही, म्हणून ती सोडली. नंतर कानपूरच्या पृथ्वीनाथ हायस्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे काम केले. शाळेत ते फार काळ राहिले नाहीत, परंतु शिक्षकाची वृत्ती त्यांच्यात अखेरपर्यंत राहिली. १९११ साली आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या 'सरस्वती' मासिकात ते सहायक झाले व तेथून 'अभ्युदय' पत्रात गेले. लेखणी हेच आता त्यांचे जीवन झाले होते.

'प्रताप'चा जन्म

९ नोव्हेंबर १९१३ रोजी कानपुरात काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी 'प्रताप' हे साप्ताहिक सुरू केले. त्या वर्षीचे कानपूर अशांत होते. रस्ता काढण्यासाठी मछली बाजारातील मशिदीचा वजूच्या जागेचा भाग पाडण्यात आला, आणि ३ ऑगस्ट १९१३ रोजी निषेधासाठी जमलेल्या मुसलमानांवर पोलिसांनी गोळीबार केला. कित्येक माणसे मेली. कापडाच्या व कातड्याच्या कारखान्यांमुळे गजबजलेल्या या शहरात हिंदू आणि मुसलमान मजूर शेजारी-शेजारी राबत होते, आणि दोघेही सारखेच नाडले जात होते. अशा शहरात 'प्रताप' निघाला.

गणेश शंकर लोकमान्य टिळकांना राजकारणातील गुरू मानीत. लेखणीपायी तुरुंगाची वाट धरण्याची तयारी त्यांनी लोकमान्यांपासूनच घेतली असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. शेतकऱ्यांवरील जुलूम, गिरणी कामगारांची दैना, संस्थानिकांचा मनमानी कारभार ही 'प्रताप'ची नेहमीची विषयसूची होती. १९२० साली 'प्रताप' दैनिक स्वरूपातही निघू लागला. जानेवारी १९२१ मध्ये रायबरेली जिल्ह्यात मुन्शीगंज येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्याची खरी हकीकत 'प्रताप'ने छापली. एका तालुकदाराने अब्रुनुकसानीचा दावा लावला. पंडित मोतीलाल नेहरू व जवाहरलाल नेहरू यांच्यासारख्यांनी पत्राच्या बाजूने साक्षी दिल्या, तरी शिक्षा व्हायची ती झालीच. त्यानंतरही त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. तुरुंगातील वेळ त्यांनी वाया घालविला नाही. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्यांचे हिंदी अनुवाद हे त्या दिवसांचे फळ होय.

'प्रताप'ची कचेरी म्हणजे एक प्रकारची शाळाच होती. बाळकृष्ण शर्मा 'नवीन' यांच्यासारखे कवी तेथे तयार झाले. घरातून निघून आलेला तरुण भगतसिंग याच कचेरीत राहिला व बलवंत या नावाने लिहू लागला. १९२४ साली श्यामलाल गुप्त 'पार्षद' यांनी प्रसिद्ध झेंडागीत लिहिले तेही विद्यार्थीजींच्याच आग्रहावरून. काकोरी खटल्यात रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आदी क्रांतिकारकांच्या बचावासाठी व त्यांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी ते धावपळ करीत होते. स्वतः काँग्रेसचे अहिंसक कार्यकर्ते असूनही फासावर जाणाऱ्या तरुणांना त्यांनी कधी परके मानले नाही.

धर्मासंबंधी विचार

१९२२ नंतर उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी जातीय दंगे होऊ लागले. बहुतेक वृत्तपत्रे आपापल्या समाजाची बाजू उचलून धरू लागली. विद्यार्थीजींनी मात्र दोन्हीकडील पुढाऱ्यांना सारखेच फटकारले. 'धर्म की आड़' या लेखात त्यांनी दाखवून दिले की धूर्त लोक धर्माचे नाव पुढे करून अडाणी माणसांना लढवितात आणि स्वतः सुरक्षित राहतात. स्वातंत्र्याच्या चळवळीत मुल्ला-मौलवी व धर्माचार्य यांना मानाचे स्थान देणे ही चूक झाली, असेही त्यांचे स्पष्ट मत होते. आपल्यापैकी काहींना हे मत पटणार नाही. खिलाफतीच्या चळवळीकडे पाहण्याची दृष्टी वेगवेगळी असू शकते. परंतु ज्याने हे लिहिले तो मुसलमानांचा वैरी नव्हता, हे त्याने पुढे जीव देऊन सिद्ध केले. कोणाचीही खुशामत न करणारा मित्रच संकटात उपयोगी पडतो.

कानपूरची दंगल

१९२५ साली कानपुरात सरोजिनी नायडू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या व्यवस्थेचा मोठा भार विद्यार्थीजींवर होता. पुढे ते प्रांतिक कायदे कौन्सिलचे सभासद व प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांना पुन्हा शिक्षा झाली. गांधी-आयर्विन करारानंतर ९ मार्च १९३१ रोजी ते सुटून घरी आले. त्यानंतर त्यांना आयुष्याचे अवघे सोळा दिवस मिळाले.

२३ मार्च रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशी देण्यात आले. ज्या तरुणाला त्यांनी आपल्या कचेरीत आसरा दिला होता, तो गेला. २४ मार्च रोजी कानपुरात हरताळ पुकारण्यात आला. दुकाने बंद करण्यावरून बाचाबाची झाली आणि पाहता पाहता दंगल पेटली. घरे, दुकाने, मशिदी, मंदिरे यांना आगी लागल्या. पोलीस व अधिकारी पुष्कळदा नुसते पाहत उभे राहिले, हे पुढे चौकशीत बाहेर आले. सरकारी हिशेबानेच मृतांची संख्या दीडशेहून अधिक होती. काँग्रेसच्या चौकशीत ती याहून फार मोठी मानली गेली.

कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरत होते. विद्यार्थीजींना तेथे जायचे होते. ते गेले नाहीत. हातात काठीसुद्धा न घेता ते गल्लोगल्ली फिरू लागले. २५ मार्च रोजी बंगाली मोहाल या हिंदू वस्तीत अडकलेल्या मुसलमान कुटुंबांना त्यांनी बाहेर काढले व सुरक्षित जागी पोहोचविले. जमाव हिंदूंचा होता, त्यांना अडविणारा हिंदू होता. ते काम संपते न संपते तोच मुसलमान वस्तीत काही हिंदू कुटुंबे कोंडली गेल्याची बातमी आली. त्यांनी तिकडे धाव घेतली. सोबत दोन्ही धर्मांचे स्वयंसेवक होते. तेथून काही लोकांना त्यांनी बाहेर काढलेही. इतक्यात खवळलेला जमाव चालून आला. त्यांना ओळखणाऱ्या मुसलमानांनी जमावाला विनविले की हा आपल्या माणसांना वाचविणारा आहे, याला हात लावू नका. एकाने त्यांना ओढून गल्लीत नेण्याचा प्रयत्न केला. पळून जाणे त्यांना मान्य नव्हते. ते जागीच उभे राहिले आणि तेथेच पडले. त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते.

पुढे दोन दिवस त्यांचा पत्ता लागला नाही. अखेरीस इस्पितळात बेवारस प्रेतांच्या ढिगात त्यांचा देह सापडला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. अंगावरची खादी व खिशातील कागद यांवरून ओळख पटली.

बलिदानाचा अर्थ

कराची काँग्रेसने दंगलीच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. भगवानदास होते आणि सभासदांत हिंदू व मुसलमान दोन्ही होते. ज्या पंडित सुंदरलाल यांनी तरुण गणेश शंकरांना लेखनाची वाट दाखविली होती, तेही तिच्यात होते. समितीने केवळ दंगलीची हकीकत सांगून न थांबता हिंदू-मुसलमान संबंधांचा शेकडो वर्षांचा इतिहास तपासला. परकीय सरकारला तो अहवाल मानवला नाही व त्याने तो जप्त केला. महात्मा गांधींनी असे मरण आपल्यालाही यावे, अशी इच्छा व्यक्त केली. सतरा वर्षांनी, १९४८ च्या जानेवारीत, ती इच्छा दिल्लीत खरी ठरली.

स्वतंत्र भारताने १९६२ साली विद्यार्थीजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कानपूरच्या मेडिकल कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले. त्या इस्पितळात रोज येणाऱ्या रुग्णांची जात वा धर्म विचारला जात नाही. त्यांचे याहून चांगले स्मारक कोणते असू शकेल?

आपण मुसलमानांनी त्यांचे स्मरण करताना एक गोष्ट टाळू नये. त्यांना मारणारे हात आपल्या समाजातील होते. दंगलीत दोन्ही बाजूंनी अत्याचार झाले, हे खरे आहे. परंतु दुसऱ्याचा गुन्हा दाखवून आपला झाकता येत नाही. एका निरपराध जिवाला वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचविणे, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. तिचे पालन त्या दिवशी कानपूरच्या रस्त्यावर एका हिंदू पत्रकाराने केले, आणि त्याला वाचविण्यासाठी धडपडलेल्या त्या मुसलमानांनीही केले. जमाव मोठा होता म्हणून त्यांचे काही चालले नाही. जमावात सामील होणे सोपे असते. त्याच्यासमोर उभे राहण्यासाठी मनाची तयारी लागते, आणि ती तयारी लहानपणीच व्हावी लागते. शाळा काढायच्या त्या यासाठीच.

आपल्या मुलांनी परीक्षा उत्तीर्ण व्हावे, डॉक्टर, इंजिनिअर व्हावे, ही प्रत्येक पालकाची इच्छा असते व ती रास्तही आहे. गणेश शंकरांना पदवी मिळाली नव्हती. तरीही 'विद्यार्थी' हे नाव त्यांना शोभून दिसले, कारण जे शिकले ते त्यांनी आचरणात आणले. आपल्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने, वेळ आलीच तर, संकटातील माणसाचा धर्म न विचारता त्याच्या दारी धावून जावे. त्या थोर हुतात्म्याला आपल्या संस्थेची हीच आदरांजली ठरेल.